केळीच्या मुलखात बिअर चाखताना: नवशिक्यांसाठी

रावेरला माझ्या मावसभावाचं केळी पिकवायचं चेंबर आहे. तीन वर्षांपूर्वी परदेशातून येताना मी वाइहेनस्टेफानर नावाची जर्मन गव्हाची बिअर आणली होती. ग्लास त्याच्या हातात दिला. त्याने एक घोट घ्यायच्या आधीच नाक आत घातलं आणि म्हणाला, “भो, हा तं आपल्या चेंबरचा वास!”

मिशिगनमध्ये असताना घरी बिअर करणाऱ्यांच्या एका मंडळात मी हाच वास ओळखायला शिकलो. मला दोन महिने लागले होते, भावाला दोन सेकंद. तेव्हापासून माझं मत झालंय की खानदेशातल्या माणसाला बिअर चाखायला शिकवावं फार कमी लागतं, आठवण करून द्यावी लागते. केळी, धने, लवंग, निखाऱ्यावर काळं केलेलं खोबरं, भाजलेली भाकरी हे वास आपण लहानपणापासून गोळा केलेले असतात. ते बाटलीत सापडू शकतात हे कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

हा लेख त्यासाठी. घरी बिअर करणारे हौशी लोक बाजारातल्या कुठल्या बिअरांवर जीव टाकतात, का टाकतात, आणि आपण जळगाव-धुळ्यात बसून त्या कशा, कुठल्या क्रमाने चाखाव्यात.

एक गोष्ट आधीच. आपल्याकडे घरी बिअर करायची नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते पाच लिटर का असेना आणि फक्त घरच्यांसाठी का असेना. पिण्यासाठीही परवाना लागतो आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं. अमेरिकेत हा छंद मोकळा झाला तो १९७८ मध्ये, जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली तेव्हा. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत करता येते. इंग्लंडमध्ये परवान्याची अट १९६३ मध्येच गेली. तिथले लोक करतात, आपण चाखू. चाखण्यातही पुष्कळ आहे.

या लोकांना आवडतं तरी काय?

बाहेरच्याला वाटतं, स्वतः बिअर करणाऱ्याला काहीतरी अचाट आवडत असेल, बारा टक्क्यांची, व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली. तशीही आवडते. पण वर्षानुवर्षं ज्यांची नावं निघतात त्या बाटल्या बऱ्यापैकी साध्या असतात. कारण घरी करणारा माणूस बिअर पिताना उलटा चालतो: चवीपासून कृतीकडे. आमटी तोंडात घातल्यावर आई कशी म्हणते, “खोबरं कमी भाजलंय”, तसं. म्हणून त्याला अशी बिअर आवडते जिच्यात एकच घटक नीट ऐकू येतो. माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी, एवढ्या चौघांचा खेळ. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, भाजलेलं धान्य, बहुतेक वेळा बार्ली. हॉप्स म्हणजे एका वेलीची सुकवलेली फुलं, कडूपणा आणि वास देणारी. यीस्ट साखर खाऊन मद्य आणि वायू सोडतं, शिवाय स्वतःचे वास सोडतं.

माल्टचा वास कसा असतो हे कळायला बिअर लागतच नाही. हॉर्लिक्सचा डबा उघडून हुंगा. तोच.

आधी उन्हाचा बंदोबस्त

परदेशी मार्गदर्शक लेखांत या मुद्द्याला एक ओळ मिळते. आपल्याला ती पुरणार नाही. आखाजीच्या आसपास भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर असतो, आणि बिअरचे खरे शत्रू दोनच आहेत, उष्णता आणि ऊन.

उष्णतेने बिअर शिळी होते. बाटलीत थोडाफार ऑक्सिजन राहिलेलाच असतो, तो हळूहळू काम करतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे फ्रिजमध्ये महिनोन् महिने टिकणारी बाटली मे महिन्यातल्या पत्र्याच्या गोदामात काही आठवड्यांत म्हातारी होते. लेबलवरची सहा महिन्यांची मुदत त्या गोदामाला माहीत नसते.

उन्हाचं दुखणं वेगळं. प्रकाशामुळे हॉप्समधले कडू घटक तुटतात आणि एक गंधकयुक्त रसायन तयार होतं, त्याचा उग्र, रबरासारखा दर्प येतो. हे काही मिनिटांतही होऊ शकतं. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक अजिबात नाही. दुकानाच्या दर्शनी काचेच्या फ्रिजमध्ये दिवसभर झळाळणारी हिरवी बाटली दिसायला सुरेख. मी मात्र मागच्या खोक्यातली मागतो, किंवा कॅन घेतो. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो. घालू दे.

तर पहिली कृती अशी. कुठलीही साधी लागर (आपल्याकडे सगळीकडे मिळते ती फिकट सोनेरी बिअर) घ्या, एकाच दिवशी, एकाच उत्पादन तारखेचे दोन कॅन. एक फ्रिजमध्ये. दुसरा कपाटात, सावलीत पण गरम जागी, महिनाभर. मग दोन्ही सारखे गार करून दोन ग्लासांत ओता आणि घरातल्या कुणाला तरी ग्लासांची अदलाबदल करायला सांगा. कोणता कोणता हे ओळखा. हा एवढा प्रयोग केलात की पुढचं अर्धं शिक्षण झालं. मी स्वतः हा प्रयोग करायच्या आधी एका नावाजलेल्या बाहेरच्या बिअरला उगाच वर्षभर शिव्या देत होतो. महागाची बाटली, लेबलवर तारीख दहा महिने जुनी, दुकानात पंखासुद्धा नाही. बिअरचा काय दोष?

मांडामांड

चार जण, एका वेळी तीनच बिअरा. ६५० मिलीची मोठी बाटली चौघांत वाटली तर प्रत्येकाला दीडशे मिलीच्या वर येते, तेवढी भरपूर. ग्लास काचेचा, स्वच्छ, वास नसलेला. भांडी घासायच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो, म्हणून भरपूर पाण्याने विसळून पालथा सुकवा. पुसू नका.

“चिल्ड” हा शब्द काही काळ विसरा. बर्फगार बिअरला चव नसते, तहान भागवायला ती ठीक. लागर ५-६ अंशांवर, गव्हाची थोडी वर, काळी आणि तगडी १० अंशांच्या पुढे. थर्मामीटर नसेल तर फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा. मे महिना असेल तर पाचच.

सोबत काय खावं? शेवभाजी नको. मला वाईट वाटतं हे लिहिताना, पण खानदेशी काळा मसाला आणि तेलाचा तवंग यांच्यापुढे कुठलीही नाजूक बिअर टिकत नाही. चाखून होईपर्यंत फुटाणे किंवा भाजलेले साधे बिबडे. ज्वारीच्या बिबड्याची किंचित आंबूस चव जिभेला गव्हाच्या बिअरसाठी छान तयार करते, हा माझा स्वतःचा शोध. शेवभाजी नंतर.

क्रम हलक्याकडून कडूकडे, कडूकडून काळ्याकडे. आणि ज्याला गाडी चालवायची त्याला फक्त हुंगू द्या.

पहिला ग्लास: जी रोज मिळते ती

सुरुवात परदेशी नावापासून करू नका. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी किंगफिशर प्रीमियम घ्या, ४.८ टक्क्यांची. भारतातल्या पुष्कळ लागरांत बार्लीच्या जोडीला तांदूळ किंवा मका असतो, त्याने बिअर हलकी, कोरडी होते. हा आपला सा. पुढचे सगळे सूर याच्यावरून मोजायचे. स्ट्राँग नको, तिच्यातलं मद्यच इतकं पुढे येतं की बाकीचं ऐकू येत नाही.

मग कधी हाती लागली तर पिल्सनर उर्केल. १८४२ मध्ये चेक प्रदेशातल्या प्लझेन गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने केली, आणि जगभर जी सोनेरी बिअर विकली जाते तिची ही आजी. प्लझेनचं पाणी अतिशय मृदू. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने कुकरच्या तळाशी पांढरा थर बसतो, त्याच्या अगदी उलट. मृदू पाण्यात हॉप्सचा कडूपणा टोचत नाही. ४.४ टक्के मद्य, पण किंगफिशरच्या शेजारी ठेवा आणि कडूपणा बघा: घोट गिळल्यावर येतो, मेथीच्या भाजीसारखा मागून. घरी करणाऱ्यांना ही फार प्रिय, कारण हिच्यात लपायला जागा नाही. चूक झाली तर ती दिसतेच.

दुसरा ग्लास: गहू, म्हणजे आपलं माहेर

इथे मी रेंगाळणार आहे.

वाइहेनस्टेफानर हेफेवाइसबिअर. म्युनिकजवळच्या फ्रायझिंगची, ५.४ टक्के. ही ब्रुअरी आपलं साल १०४० सांगते. बाटली आधी आडवी हलकेच फिरवा, तळाचं यीस्ट वर आलं पाहिजे. बिअर ढगाळ दिसेल, तशीच असते. आता नाक. पहिला वास पिकल्या केळ्याचा. केळं कुणी घातलेलं नाही. यीस्ट आंबवताना आयसोअमाईल ॲसिटेट नावाचा पदार्थ तयार करतं, आणि पिकणाऱ्या केळ्यातही तोच असतो. रावेर-यावलच्या माणसाला हे ओळखता येणं हा योगायोग नाही, रसायन एकच आहे.

दुसरा वास लवंगेचा, जरा मागे. तोही यीस्टचाच. त्यासाठी धान्य भिजवण्याच्या टप्प्यात पाणी ४४ अंशांच्या आसपास काही काळ ठेवतात, म्हणजे लवंगेच्या वासाला लागणारा कच्चा माल धान्यातून सुटतो. जळगावची मेमधली दुपार, अगदी नेमकी. मंडळात मी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले होते, मला मात्र घरची आठवण आली.

केळं आणि लवंग यांचं प्रमाण तापमानावर हलतं. आंबताना यीस्ट जास्त तापलं की केळं वाढतं. माझा तिथला पहिला घाणा असाच बिघडला. उन्हाळा होता, बादली स्वयंपाकघरात ठेवली, आणि निघालं ते केळ्याचं शिकरण. मंडळातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एक घोट घेतला, शांतपणे वाइहेनस्टेफानरची बाटली उघडून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “आता ही पी.” बस. लाडकी बिअर म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. ती शिक्षिका असते, आणि वजनकाटाही. यीस्ट विकणाऱ्या कंपन्या या जातीचं यीस्ट हौशी लोकांना विकतात, त्यामुळे घरी केलेली आणि विकतची शेजारी ठेवून तपासता येते.

गव्हाचीच दुसरी तऱ्हा बेल्जियमची, होगार्डन. ती भारतातही विकली जाते. ही जात होगार्डन गावातून संपली होती. पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. यात धने आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते. चार धने तव्यावर न भाजता हातावर चुरडा, हुंगा, मग ग्लास हुंगा. आपण धने नेहमी भाजून वापरतो म्हणून कच्च्या धन्याचा लिंबासारखा वास विसरायला होतो. देशी पर्याय म्हणून बिरा ९१ ची व्हाइट याच धाटणीची, सौम्य.

तिसरा ग्लास: हॉप्स

घरी बिअर करणाऱ्या अमेरिकनाला एकच बिअर निवडायला सांगा, फार जण सिएरा नेवाडा पेल एल म्हणतील. कॅलिफोर्नियातलं चिको गाव. केन ग्रॉसमन यांचं तिथे आधी घरी बिअर करण्याच्या सामानाचं दुकान होतं, मग १९८० मध्ये त्यांनी ब्रुअरीत पहिली बिअर केली. पेल एल मनासारखी जमेपर्यंत बरेच घाणे ओतून दिले. ५.६ टक्के. कॅस्केड नावाचे हॉप्स, जे १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आले. वास पपनसाच्या सालीचा, थोडा राळेचा. कुणी “ग्रेपफ्रूट” म्हटलं की आपल्याला काही बोध होत नाही, पपनस म्हटलं की होतो.

पण लाडकी असण्याचं खरं कारण बाटलीच्या तळाशी होतं. ही बिअर बाटलीतच थोडी आंबते, त्यामुळे तळाला जिवंत यीस्ट असतं. सामान मिळत नव्हतं त्या काळात लोक बिअर पिऊन तळाचा साका ठेवायचे आणि त्याला वाढवून पुढची बिअर करायचे. विरजणासारखं! शेजारून वाटीभर दही आणावं तसं. आज ते यीस्ट “चिको” याच नावाने ओळखलं जातं.

दुसरी मिशिगनची बेल्स टू हार्टेड. लॅरी बेल यांनीही १९८३ मध्ये कॅलामाझूत आधी सामानाचंच दुकान काढलं होतं. ७ टक्के, आणि हॉप्सची एकच जात, सेंटेनियल. एकाच जातीची असल्यामुळे अभ्यासाला यासारखी दुसरी नाही. अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनच्या झायमर्जी या नियतकालिकात सभासद दरवर्षी आवडत्या विकतच्या बिअरांना मतं द्यायचे. त्यात रशियन रिव्हर ब्रुअरीची प्लायनी द एल्डर २००९ पासून सलग आठ वर्षं पहिली होती. ८ टक्के, दुहेरी हॉप्सची. २०१७ मध्ये टू हार्टेडने तिला खाली ओढलं, तेव्हा आमच्या मंडळात आपला पोरगा कुस्ती जिंकल्यासारखा जल्लोष झाला. प्लायनीच्या लेबलवरच गार ठेवा, ताजी प्या, साठवू नका अशा सूचना असतात. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो. म्हणून कुणी पाहुणा सहा महिने जुनी प्लायनी घेऊन आला तर आभार माना, पण तिच्यावरून मत बनवू नका.

आपल्याकडे या जातीसाठी पुण्याला जाणं शहाणपणाचं. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागच्या जागी बिअर करून वाढणारी छोटी ब्रुअरी, सुरू झाली, तेव्हापासून तिथे अशा मायक्रोब्रुअरींची चांगली वस्ती झाली आहे. नळातून आलेली ताजी आयपीए (इंडिया पेल एल, म्हणजे हॉप्सचा भर असलेली बिअर) ही बाटलीतल्या थकलेल्या परदेशी आयपीएपेक्षा केव्हाही सरस. वाढणाऱ्याला “ही कधी भरली?” एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर देता आलं तर जागा चांगली.

कडूपणाची भीती वाटणाऱ्यांसाठी: आपण कारलं खातो, गुढीपाडव्याला कडुलिंब चावतो. तिसऱ्या घोटाला जीभ जुळवून घेते.

चौथा ग्लास आणि पुढे

गिनेस. डब्लिन, १७५९, जागेचा भाडेकरार तब्बल ९,००० वर्षांचा. लोक हिला जड समजतात. प्रत्यक्षात ड्राफ्ट गिनेस ४.२ टक्के, म्हणजे आपल्या साध्या लागरपेक्षाही हलकी. काळा रंग भाजलेल्या बार्लीचा, मऊ फेस नायट्रोजनचा. कॅनमधली एक लहानशी प्लास्टिकची गोळी उघडताना तो वायू सोडते, ती खडखडली तर घाबरू नका. मसाल्यासाठी खोबरं निखाऱ्यावर काळं करतो, त्याच्या आधीच्या क्षणाचा वास शोधा.

बेल्जियमवर एक वेगळा लेख लागेल. त्यातली फक्त सेझाँ द्युपाँ सांगतो, ६.५ टक्के, मिऱ्यासारखी तिखटसर, एकदम कोरडी. तिचं यीस्ट हौशी लोकांत प्रसिद्ध आहे ते उकाड्यासाठी. बाकीची यीस्टं २० अंशांच्या आसपास खूश, हे ३० च्या वर खुलतं. आपल्या हवेचंच लेकरू, चुकून तिकडे जन्मलं.

वही

प्रत्येक ग्लासाला पाच ओळी. उत्पादन तारीख, कुठे ठेवली होती, पहिला वास, गिळल्यानंतरची चव, आणि आपल्या घरातली कुठली वस्तू आठवली. शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. पुस्तकी शब्द लिहू नका. माझ्या वहीत “आजीच्या फडताळातला” असा शेरा तीन वेळा आहे आणि मला त्याचा अर्थ नेमका कळतो. थोडी पकड आली की बीजेसीपी या परीक्षक-संस्थेची शैलींची यादी वाचा, फुकट मिळते. प्रत्येक शैलीखाली नमुन्याच्या विकतच्या बिअरांची नावं दिलेली असतात. तोच तुमचा पुढचा अभ्यासक्रम.

आणायच्या कशा

परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरची मुभा असते. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, बरोबर बसतात. मोज्यांत गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध, चेक-इन सामानात. घरी आल्यावर उभ्या ठेवा आणि दोन दिवस फ्रिजमध्ये विश्रांती द्या, विशेषतः यीस्ट असलेल्या.

रस्त्याने आणताना राज्याची हद्द सांभाळा. बऱ्हाणपूर आपल्याला शेजारचं गाव वाटतं, पण तिकडची बाटली परवान्याशिवाय इकडे आणता येत नाही. आणि नंदुरबारकडच्यांनी तर जास्तच जपावं, पलीकडे गुजरातेत दारूबंदी. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. पिशवीत बाटल्या असतील तर गाडीची वाट आपल्या अर्ध्यातच बघा.